मांत्रिकाच्या कवितेवरचे माझे पाचवे प्रकरण

रविवार, ११ जून २००६. सकाळी साडेदहा वाजता माझ्या नांदेडच्या घरी एक प्राध्यापिका आल्या. हदगावच्या महाविद्यालयात त्या मराठी शिकवीत. आधी पत्र पाठवून त्यांनी वेळ घेतली होती आणि ती त्यांनी मिनिटाच्या हिशेबाने पाळली. हे मला आवडले. त्या दिवशी मला आवडलेली ती पहिली आणि बराच वेळपर्यंत शेवटची गोष्ट.

त्यांच्या हातात माझा ग्रंथ होता. औसा तालुक्यातील एका मांत्रिकाच्या कवितेवर मी प्रबंध लिहिला आणि १९७४ साली तो ग्रंथरूपाने छापला. त्या कवीवर लिहिलेले ते पहिले पुस्तक. त्यानंतर जे कोणी लिहिले, ते माझे पुस्तक पुढ्यात ठेवून लिहिले. हे अभिमानाने सांगण्याची मला सवय होती.

बाईंनी सरळ विषय काढला.

"सर, माझा प्रबंध या महिन्यात द्यायचा आहे. माझे मार्गदर्शक म्हणाले, हा पहिला ग्रंथ आज वाचण्याजोगा आहे का, यावर दोन पानं लिहा. आणि लेखक हयात आहेत, तर त्यांनाच विचारून या."

"तुमचे मत काय?"

"मी तर तो सेट परीक्षेच्या वेळी पाठ केला होता. सगळा नाही. पाचवं प्रकरण. लातूरच्या क्लासच्या नोट्समध्ये त्याचे चार मुद्दे काढलेले होते. भयग्रस्तता, एकाकीपणा, अपूर्णता आणि मौन." त्या हसल्या. "अजून झोपेत विचारलं तरी सांगीन."

त्या नोट्स मला ठाऊक होत्या. भूकंपानंतरच्या वर्षांत लातूरला क्लासचे पीक आले. डॉक्टर-इंजिनिअरांच्या क्लासच्या सावलीत आमच्यासारख्या विषयांचेही दोनचार क्लास निघाले. त्यातल्या एका संचालकाने मला विचारून ते प्रकरण चार मुद्द्यांत बसवले होते. मी हरकत घेतली नाही. उलट आपले लेखन तरुणांच्या तोंडी जाते आहे, याचे समाधान मानले.

मग बाईंनी पिशवीतून लहानसा टेपरेकॉर्डर काढला.

"एक अडचण आहे, सर. मी त्या कवींच्या मुलीला शोधून काढलं. आक्का म्हणतात त्यांना गावात. भूकंपानंतर नवीन गाव बसवलं, तिथं राहतात. त्यांना वडिलांच्या कविता पाठ आहेत. पण तुमच्या पुस्तकात आहेत तशा नाहीत. शेवटी भर घालतात त्या. मी 'मौखिक परंपरेतील प्रक्षेप' म्हणून एक प्रकरणच केलंय त्यावर. पुरावा ऐका."

त्यांनी बटण दाबले. आधी कोंबडीचा आवाज, मग कुणाला तरी 'गप बस गं' म्हणून दटावणे, आणि मग बाईमाणसाचा एक जाडसर, सपाट आवाज. चाल नव्हती. धान्याचे माप मोजावे तसे शब्द पडत होते.

भीती आली पायवाटेनं.
दारात जोडे काढले तिनं.
म्या तिला पाणी दिलं,
तिनं माझं नाव इचारलं.
सांगितलं न्हाई. बस म्हटलं.
भीती निजली माझ्या कुशीला.

माझ्या पुस्तकात ही कविता इथे संपते. टेपवरचा आवाज थांबला नाही.

हिच्या अंगातून उठून आलीस,
हितंच ऱ्हा. माघारी जाऊ नगं.

यानंतर समोर बसलेल्या प्राध्यापिकेचे नाव आले. मग दोन ओळी.

तू नीज.
मी जागा हाय.

बाईंनी टेप बंद केला. "बघा ना सर! माझंच नाव घातलंय त्यात. म्हणजे भर उघडच आहे. मी आक्कांना सांगितलं, हे पुस्तकात नाही. तर म्हणतात, 'पुस्तकात नसंल, बाबात व्हतं.'"

मी म्हणालो, "मौखिक परंपरेत असे होते. म्हणणारा आपल्या पदरचे घालतो."

हे वाक्य मी बोललो. त्याला साक्षीदार आहे म्हणून नव्हे, तर ते टाळून पुढचे लिहिता येणार नाही म्हणून नोंदवतो आहे. अडुसष्टाव्या वर्षी, पूर्ण शुद्धीत, खोटे आहे हे जाणून मी ते बोललो.

बाईंनी वही उघडली आणि ते वाक्य लिहून घेतले. मग वर पाहून विचारले, "सर, हे तुमच्या नावानं घालू ना? म्हणजे वाद राहणार नाही. आक्कांचा पाठ प्रक्षिप्त, असं खुद्द ग्रंथकाराचं मत."

त्यांचे अक्षर सुवाच्य होते. माझ्या नावापुढे त्यांनी अवतरणचिन्हे आधीच करून ठेवली होती.

"पेन खाली ठेवा," मी म्हणालो.

त्यानंतर मी त्यांना जे सांगितले ते येथे क्रमाने देतो.

तो मांत्रिक औशाच्या बाजारात मापाडी होता. दिवसा शेतकऱ्यांच्या धान्याचे माप घेई. बाजार उठला की घरी त्याच्याकडे माणसे येत. दचकलेली लेकरे, बाळंतीण, रात्र रात्र झोप नसलेले म्हातारे. तो राख मंतरून देई, ताईत बांधी, आणि काही म्हणे. जे म्हणे ते त्याने एका वहीत उतरवून ठेवले होते. मराठी, दखनी, मधूनच कानडी. मी त्या वेळी लातूरला नवा अधिव्याख्याता होतो. वही पाहिली आणि मला कळले की हा कवी आहे. ते माझे कळणे खरे होते. एवढे एक श्रेय मी स्वतःकडे ठेवतो.

वही दोन शायांत होती. कविता काळ्या शाईत. प्रत्येक कवितेच्या शेवटी, क्वचित मध्येही, तांबड्या शाईच्या ओळी. समोरच्या माणसाला उद्देशून म्हणायच्या त्या. त्यात नावाची जागा मोकळी सोडलेली असे आणि तिथे 'अमुक' असे लिहिलेले असे. ती वही मी सहा महिने वापरली. काळे उतरवून घेतले, तांबडे सोडले.

माझे मार्गदर्शक म्हणाले होते, "कविता तेवढी घ्या. झाडफुकीवर विद्यापीठ पदवी देत नाही." परंतु दोष त्यांच्यावर ढकलण्याचे कारण नाही. ते बोलण्याआधीच मी तांबडे सोडलेले होते. आमच्या भागातला कवी पुण्यामुंबईच्या समीक्षकांपुढे न्यायचा, तर त्याच्या हातातली राख आधी पुसली पाहिजे, असे मला वाटे. मला लाज वाटत होती ती त्या राखेची.

ओळी गाळल्या, याची एक तळटीप दिली असती तरी पुरले असते. मी दिली नाही. पुढे जाऊन त्या कापलेल्या टोकांवरच मी पाचवे प्रकरण उभारले. 'या कवीची कविता मध्येच तुटते, कारण कवीचा धीर तुटतो,' असे मी लिहिले. भीती त्याच्या कुशीला येऊन निजते आणि कविता संपते. सुटका नाही, सोबत नाही. हा भयाने पछाडलेला माणूस, असा माझा निष्कर्ष. परीक्षकांनी या प्रकरणाची विशेष प्रशंसा केली.

वास्तविक त्या कवितेत सुटका होती. मांत्रिक दुसऱ्याची भीती घरात घेत होता, तिला पाणी देत होता, आपल्या कुशीला निजवत होता. आणि ज्याची भीती होती त्याला सांगत होता की तू नीज. मी अर्थ चुकलो असे नव्हे. मी त्याचा अर्थ उलटा केला.

"तुम्हाला तेव्हा कळलं नव्हतं?" बाईंनी विचारले.

"कळले होते."

प्रकरण लिहून झाल्यावर, प्रबंध टंकायला देण्याआधी, मी एकदा मांत्रिकाच्या घरी गेलो होतो. दुपारची वेळ. एक बाई दचकलेले मूल घेऊन आली. मूल दोन दिवस झोपले नव्हते. त्याने त्याला मांडीवर घेतले, हीच कविता म्हटली, शेवटी मुलाचे नाव घेतले. मूल झोपले. श्रमाने झोपले असेल. मी मंत्रतंत्रावर तेव्हाही विश्वास ठेवीत नव्हतो आणि आजही ठेवीत नाही. परंतु कविता काय करते आहे, हे मी डोळ्यांनी पाहिले. परत येऊन प्रबंध टंकलेखकाकडे दिला. एकही शब्द बदलला नाही.

बाईंनी वही मिटली. "म्हणजे माझं प्रकरण गेलं."

"हो."

"तीन वर्षं झाली सर, मी हेच करून राहिले." त्यांचा आवाज चढला. "आणि भूकंपानंतर तरी सांगायचं होतंत ना! वही गेली, सगळं गेलं, तेव्हा तरी!"

भूकंपाविषयी त्यांनी बोलायला नको होते. त्यावर मला खरे बोलणे भाग पडले.

मदतीसाठी महाविद्यालयाचे पथक गेले, त्यात मी होतो. मांत्रिकाच्या गावचे काम मी स्वतः मागून घेतले होते. मांत्रिक आधीच वारला होता. त्याच्या घराच्या जागी दगडमातीचा ढीग होता. त्याखाली त्याचा मुलगा आणि सून गेली होती. मुलगी, जी फार लवकर विधवा होऊन वडिलांच्या घरी परत आली होती, ती अंगणात निजलेली म्हणून वाचली. हे सर्व मला तिथे उभे असताना कळले. आणि त्या ढिगाऱ्याकडे पाहून माझ्या मनात जो पहिला विचार आला तो असा : वही गेली. आता माझे पुस्तक कोणी ताडून पाहू शकत नाही.

तो विचार दोन श्वास टिकला असेल. मग मी ब्लँकेटे वाटली. पण तो आला होता, आणि तो सुटकेचा होता.

हे मी पत्नीलाही कधी सांगितले नव्हते. ती आतल्या खोलीत होती आणि दार उघडे होते.

बाईंनी टेपरेकॉर्डर पिशवीत घातला. "हे मला सांगून काय होणार, सर? आक्कांना सांगा. त्यांना मी त्यांच्या तोंडावर खोटं ठरवून आलेय. तुमच्या पुस्तकाच्या जोरावर."

"कधी?"

"आज. सव्वाअकराची लातूर गाडी आहे."

पत्नी बाहेर आली. तिने मला चष्म्याचे घर आणि रक्तदाबाची गोळी दिली. "पोळी बांधून देऊ का?" एवढेच तिने विचारले. मी नको म्हणालो. तिने बाईंच्या हातात दोन डबे दिले.

गाडी भरलेली होती. निकाल लागला होता, प्रवेशाचे दिवस. ट्रंका, गाद्यांच्या वळकट्या, गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत धरलेले बाप. अर्धी गाडी लेकरांना लातूरच्या क्लासला घालायला निघाली होती. अहमदपूरला एक गृहस्थ मुलीला घेऊन चढले आणि माझ्याशेजारी बसले. माझ्या कपड्यांवरून त्यांनी ओळखले असावे.

"सर काय?"

"होतो."

"लातुरात? मग सांगा की, कोणचा क्लास बरा? फिजिक्सला एक म्हणतेत, केमिस्ट्रीला दुसरा म्हणतेत. डोकंच फिरून राहिलंय."

"मला त्यातले समजत नाही. मी मराठी शिकवीत असे."

"मराठी!" गृहस्थ आश्चर्याने मुलीकडे वळले. "बघ गं, मराठीचंबी सर असतेत." मग माझी समजूत काढण्यासाठी म्हणाले, "न्हाई, ते बी लागतंच की. पास होण्यापुरतं."

पलीकडच्या बाकावरून प्राध्यापिका खिडकीबाहेर पाहत होत्या. त्यांचे खांदे हलले. घरातून निघाल्यापासून त्या प्रथमच हसल्या होत्या.

चाकूर गेल्यावर मी ग्रंथ उघडला आणि त्यांच्या मार्गदर्शकांचा प्रश्न स्वतःला विचारला. हा वाचण्याजोगा आहे का? परीक्षकाच्या नजरेने पाहिले. पहिल्या प्रकरणातील चरित्र मी स्वतः हिंडून गोळा केले आहे. ज्यांना विचारले त्यातले बहुतेक आता नाहीत. ते टिकेल. दुसरे आणि तिसरे पाल्हाळिक आहे, त्या काळी ज्यांची नावे घेतल्याशिवाय प्रबंध होत नसे त्यांची नावे घेण्यासाठी लिहिलेले. चौथ्यात दखनी शब्दांचा कोश आहे, त्यात कष्ट आहेत. पाचवे खोटे आहे. आणि शेवटी परिशिष्टात अडतीस कविता, सर्व कापलेल्या. तरीही त्या कवीचे जे काही कागदावर उरले आहे ते एवढेच. ज्या पुस्तकाने त्याला तोडले, त्याच्याखेरीज तो आता कुठे भेटत नाही. असे पुस्तक वाचू नका म्हणता येत नाही. वाचा म्हणतानाही जीभ अडते.

लातूरला गाडी बदलली. औशाहून काळीपिवळी जीप केली. नव्या गावाशी उतरलो तेव्हा सव्वाचार वाजले होते. सरळ रस्ते, एकसारखी घरे, घरांवर क्रमांक. जुन्या गावात वाट विचारावी लागे. इथे क्रमांक विचारला.

आक्का ओट्यावर ज्वारी निवडीत बसल्या होत्या. साठीजवळच्या. मी त्यांना पाहिले तेव्हा त्या विशीतल्या होत्या आणि कोनाड्यातली वही काढून मला आणून देत. त्यांनी सूप बाजूला ठेवले नाही.

"मास्तर का? म्हातारं झालात की."

"हो."

"आन् ह्या बाई परत आल्या. आता काय खोटं निघालं माझं?"

प्राध्यापिका काही बोलणार होत्या. मी त्यांना थांबवले आणि उभ्यानेच सांगितले. तांबडे मी गाळले. सांगितले नाही. त्यावर उलटा अर्थ लिहिला. तुमचे पाठांतर खरे, माझे पुस्तक खोटे. चार वाक्ये झाली. वर्गात एवढे थोडे बोलून मी कधी थांबलो नव्हतो.

आक्का ज्वारीतले खडे काढीत राहिल्या.

"पुस्तक आणून दिलंत, तवा बाबानं इचारलं व्हतं तुमास्नी. याद हाय का?"

मला आठवत होते. मी प्रत घेऊन गेलो होतो. त्याने ती शेवटून पुढे उलटून पाहिली आणि म्हणाला, "मास्तर, ह्यात तांबडं न्हाई." मी म्हणालो, "छपाईत एकच शाई असते." तो म्हणाला, "मग काळ्यातच छापायचं की." मी हसलो होतो. तोही हसला होता.

"आठवते," मी म्हणालो.

"त्येच्यावर शाळेतल्या गुरुजींनी ते चावडीत वाचून दावलं. म्हंजे, मापाडी भेतोय, मापाड्याचा धीर तुटलाय, असं काय काय. मग काय! बाजारात पोती टाकता टाकता लोक म्हनायचे, 'काय मापाडी, भ्या वाटतंय म्हनं? माप नीट धरा, हात थरथरंल.' बाबा हसायचा. त्येला राग न्हाई आला. पर वही उघडली न्हाई परत. मंतरायचा, तोंडपाठ. नवीन लिवलं न्हाई."

"एकही?"

"कशापायी लिवंल? लिवलं की तुमी येनार."

प्राध्यापिकांनी मान खाली घातली. मी ओट्याच्या कडेला बसलो. परवानगी विचारली नाही.

माझ्या ग्रंथाच्या समारोपात एक वाक्य आहे : 'उत्तरायुष्यात कवीची प्रतिभा आटली, याचे कारण त्याच्या भयग्रस्त वृत्तीत शोधावे लागेल.' दुसऱ्या आवृत्तीसाठी मी ते मुद्दाम घातले होते. कारण शोधायला मला फार लांब जावे लागले नसते.

मी विचारले, "तुम्हाला किती पाठ आहेत?"

"सात. धा-बारा व्हतं, सात ऱ्हायले. भूकंपाच्या वक्ताला पत्र्याच्या शेडात व्हतो, तवा हे एकच लई म्हटलं. भरदुपारीबी कुनी डोळा मिटंना. गाड्या गेल्या तरी दचकायचे. शहरातून डॉक्टर यायचे, इचारायचे, काय वाटतं, काय वाटतं. काय वाटनार! म्या आपलं बाबाचं म्हनायची. पर नाव घ्यावं लागतं. एकेकाचं येगळं. नावंच संपंनात."

"मला सातही सांगा. पूर्ण. मी लिहून घेतो."

"आन् कुनाचं नाव घालू?"

"नाव नको. 'अमुक' म्हणा."

"तसं म्हनत न्हाईत. रिकामं म्हटलं तर ते माघारी येतंय, बाबा म्हनायचा." त्यांनी प्राध्यापिकांकडे बोट केले. "म्हनून तर हिचं घातलं व्हतं. तर ही म्हनती, आक्का, तुमी भर घालता."

"चुकलं आक्का," प्राध्यापिका म्हणाल्या.

"तुझं न्हाई चुकलं. तू शिकल्यालं बोललीस."

मग त्या माझ्याकडे वळल्या. "तुमचं नाव काय मास्तर? एवढी वर्सं झाली, मास्तरच म्हनतोय."

मी नाव सांगितले.

"वयानं मोठं हाव तुमी. पर ह्यात अरे-तुरेच असतंय. राग मानू नका."

त्यांनी सूप खाली ठेवले, पदराला हात पुसले आणि सातही म्हटल्या, एकामागून एक. प्रत्येकीच्या शेवटी माझे नाव आले आणि त्यापुढे तू. मला त्या भाषेत कोणी हाक मारून चाळीस वर्षे झाली होती. काही वाटले नाही असे लिहिणे खोटे ठरेल. अधिक लिहीत नाही.

मी परिशिष्टातल्या सात कवितांच्या समासात ओळी उतरवून घेतल्या. प्राध्यापिका टेप चालवत होत्या आणि वहीतही लिहीत होत्या. मग दोन्ही ताडून पाहिले. एके ठिकाणी मी 'नगं'चे 'नको' केले होते. सवय. बाईंनी ते दाखवून दिले. मी खोडून पुन्हा लिहिले. एकतीस कविता तशाच राहिल्या. त्यांची टोके कोणालाच माहीत नाहीत. मी ती सहा महिने रोज पाहिली होती. एकही आठवत नाही. जे उतरवायचे नाही असे ठरवलेले असते ते डोळा वाचत नाही.

निघताना आक्कांनी माझ्या हातातल्या ग्रंथाकडे पाहिले.

"मग वाचायजोगं हाय का ते, न्हाई?"

दिवसभरात हा प्रश्न तिसऱ्यांदा आला होता. बाईंना मी उत्तर टाळले होते, गाडीत स्वतःला अर्धे दिले होते.

"मागची पाने आहेत," मी म्हणालो. "तिथे तुमच्या वडिलांचे आहे. पुढे माझे आहे, त्यातले पाचवे प्रकरण वाचू नये."

"मग तसं लिवून ठिवा त्येच्यावर. आमी सांगून कोन ऐकतंय! ही तर ऐकली न्हाई."

"लिहितो."

"लिवा. आन् बाबाला सांगाय पायजे व्हतं मास्तर, मला न्हाई." त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतले. "च्या ठिवू का?"

चहा घेतला. त्याला नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता.

पावणेसात वाजता आम्ही औशाच्या बसस्थानकावर होतो. प्राध्यापिकांना लातूरची गाडी लगेच होती. तिथे त्यांची बहीण राहते. मी त्यांना थांबायला सांगितले. बाकावर बसून त्यांच्या वहीतला एक कागद मागून घेतला आणि निवेदन लिहिले. परिशिष्टातील कवितांचा शेवट मी गाळला आहे. ही कृती जाणूनबुजून केलेली आहे. कवीच्या कन्येने सांगितलेला पाठ अस्सल आहे. पाचवे प्रकरण व समारोपातील प्रतिभा आटल्याविषयीचे वाक्य असत्य असून कोणी प्रमाण मानू नये. सात कवितांचा पूर्ण पाठ सोबत आहे. खाली सही, दिनांक, पूर्ण नाव.

बाईंनी दोनदा वाचले.

"सर, हे मी प्रबंधाला जोडलं तर सगळे वाचतील. क्लासवालेसुद्धा."

"त्यांना वेगळे पाठवा."

"आणि प्रक्षेपाचं प्रकरण?"

"काढा. त्या जागी आक्कांचा पाठ घाला. मुदतवाढ लागली तर विद्यापीठाला माझे पत्र देतो."

"माझे सर चिडतील."

"माझे नाव सांगा."

त्या किंचित हसल्या. "आज तुमचं नाव लई वेळा घेऊन झालं, सर." मग लातूरची गाडी लागली म्हणून त्या पळाल्या. मूळ कागद मी त्यांच्याच हाती दिला होता. त्याआधी स्थानकासमोरच्या दुकानातून त्याच्या आणि समास भरलेल्या सात पानांच्या दोन-दोन झेरॉक्स प्रती काढून घेतल्या होत्या. एक संच मी आक्कांसाठी दुकानदाराकडे ठेवला. त्यांच्या गावची जीप रोज त्याच्या दारातून सुटते. दुसऱ्या संचासाठी पाकीट आणि तिकिटे तिथेच मिळाली. पाकिटावर माझ्या जुन्या महाविद्यालयाच्या ग्रंथपालांचा पत्ता घातला, आत 'ग्रंथालयातील चारही प्रतींत चिकटवावे' अशी चिठ्ठी ठेवली, पाकीट डिंकाने बंद केले आणि स्थानकाच्या भिंतीवरच्या टपालपेटीत टाकले.